आधी दिशा, मग पिना

किल्लीशिवाय कुलूप उघडण्याचा छंद नव्याने लागलेला माणूस भेटला, की त्याचे सगळे प्रश्न पिनांविषयी, म्हणजे कुलपाचा आतला भाग अडवून धरणाऱ्या बारीक खुंट्यांविषयी, असतात. पिन किती उचलायची, पिना उचलायचा वाकडा आकडा किती बारीक असावा, पिन जागेवर बसल्याचे बोटांना कसे कळते, पाच पिनांचे कुलूप अवघड की सहा पिनांचे, असे ते प्रश्न असतात. ते रास्तच आहेत. परंतु सांगलीतल्या माझ्या घरी काही वर्षे हा उद्योग मनापासून केल्यावर माझे मत असे झाले आहे, की कुलूप हातात आल्यावर सर्वांत आधी ते कोणत्या बाजूने फिरते हे ठरवावे आणि पिनांकडे त्यानंतर वळावे. ताण, म्हणजे भोकात पट्टी अडकवून फिरवण्यासाठी दिलेला दाब, चुकीच्या बाजूला दिला, तर एक तर कुलूप काहीच सांगत नाही, नाही तर सगळ्या पिना नीट बसून आतला भाग फिरतो आणि तरीही कुलूप बंदच राहते. ही दुसरी गोष्ट फारशी कोणी समजावून सांगत नाही, म्हणून ती सविस्तर लिहीत आहे.

मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टूलरूमचे काम पाहतो. मायक्रोमीटर, गेज आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे हिशेब हे माझे रोजचे काम आहे. कामगारांचे जुने लॉकर मोडीत निघाले, तेव्हा किल्ल्या हरवलेली बरीच कुलपे त्यांच्यासोबत भंगारात निघाली होती. रीतसर परवानगी घेऊन आणि भंगाराच्या भावाने पैसे भरून ती मी घरी आणली. छंदाची सुरुवात तिथून झाली. या छंदाला जगभर दोन नियम आहेत आणि मी ते पहिल्या दिवसापासून पाळतो. जे कुलूप आपले नाही आणि ज्याच्या मालकाने स्पष्ट परवानगी दिलेली नाही, त्याला हात लावायचा नाही. आणि रोजच्या वापरातले कुलूप, ते स्वतःच्या घराचे असले तरी, सरावाला घ्यायचे नाही, कारण आतली पिन किंवा स्प्रिंग बिघडली तर घरचेच लोक दाराबाहेर राहतात. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात १९९७ साली अशा छंदिष्टांनी आपली रीतसर संघटना स्थापन केली. तिथे आणि इतर देशांतही कुलूप उघडणे हे उघडपणे, टेबलाभोवती बसून खेळायचे कसब मानले जाते. आपल्याकडे या छंदाकडे संशयाने पाहिले जाते, म्हणून घरच्यांना आणि शेजाऱ्यांना मी काय करतो ते आधीच सांगून ठेवलेले आहे.

फिरण्याचा प्रश्न मुळात कुठून आला, ते थोडक्यात पाहू. पिनांच्या कुलपाची कल्पना फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी कुलपांत अडसरावर वरून खुंट्या पडत, दातेरी लाकडी किल्लीने त्या वर उचलायच्या आणि अडसर सरळ ओढून घ्यायचा, अशी रचना होती. तिथे फिरवणे नव्हतेच, त्यामुळे दिशेचा घोळही नव्हता. अमेरिकेतल्या लायनस येल धाकटे यांनी १८६१ आणि १८६५ साली घेतलेल्या पेटंटांमधून आजचे सिलिंडर कुलूप आकाराला आले, आणि त्यात पिनांचे काम फिरणाऱ्या गोल भागाशी जोडले गेले. आपले किल्ली बनवणारे कारागीर या गोल भागाला बॅरल म्हणतात आणि बाहेरच्या कवचाला बॉडी. बॅरल आणि बॉडी या दोहोंतून आरपार गेलेल्या छिद्रांत पिनांच्या जोड्या असतात आणि त्यांना स्प्रिंगा दाबून धरतात. योग्य किल्ली घातली, की प्रत्येक जोडीचा सांधा बरोबर बॅरलच्या कडेवर येतो आणि बॅरल मोकळे होते.

महत्त्वाचा मुद्दा असा, की पिनांना दिशा नसते. सांधे कडेवर आले, की बॅरल उजवीकडेही फिरू शकते आणि डावीकडेही. दिशा ठरते ती बॅरलच्या मागच्या टोकाला काय जोडलेले आहे त्यावरून. तिथे कॅम, म्हणजे बॅरलसोबत फिरणारा दातासारखा तुकडा, असतो, चपटी शेपटी असते किंवा खटका मागे ओढणारा एखादा तुकडा असतो. म्हणजे पिना ही एक यंत्रणा झाली आणि बोल्ट, म्हणजे कुलूप बंद ठेवणारा दांडा, सरकवणारा भाग ही दुसरी. पिनांचा अडथळा दूर केला म्हणजे अर्धेच काम झाले; उरलेले अर्धे काम दिशेचे असते.

इथे बोलण्यातही काटेकोर राहावे लागते. 'उजवीकडे फिरव' असे आपण सहज म्हणतो, पण किल्लीचा वरचा भाग उजवीकडे जातो तेव्हा खालचा भाग डावीकडे जात असतो. म्हणून मी नेहमी किल्लीच्या भोकाकडे समोरून पाहून, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे किंवा काट्यांच्या उलट, असेच म्हणतो आणि वहीतही तसेच लिहितो. कुलूप उलटे धरले तरी समोरून पाहताना या दिशेत फरक पडत नाही. दाराच्या आतल्या बाजूने पाहिले, तर मात्र तीच फेरी उलटी दिसते. ताण देण्यासाठी मी मोटारीच्या जुन्या वायपरमधल्या पोलादी पट्ट्या वाकवून घेतल्या आहेत. हॅक्सॉ ब्लेड ग्राइंडरवर घासून, मध्ये मध्ये पाण्यात बुडवून त्याचा कठीणपणा उतरू न देता, आकडे तयार केले आहेत. पट्टीचे वाकवलेले टोक भोकात आणि दांडी उजवीकडे आडवी ठेवून तिच्यावर बोट टेकले, की काट्यांप्रमाणे ताण पडतो. दांडी डावीकडे ठेवून तेच बोट टेकले, तर काट्यांच्या उलट. पट्टी भोकाच्या वरच्या अंगाला बसवली काय किंवा खालच्या अंगाला, या हिशेबात बदल होत नाही.

आता दिशा ओळखायची कशी, ते सांगतो. पितळी कुलूप व्हाइसमध्ये हलके धरायचे. जबड्यात कातड्याचे तुकडे घालायचे, म्हणजे पितळेला वळ उठत नाहीत. पिनांना अजिबात हात न लावता पट्टीने एकदा काट्यांप्रमाणे आणि एकदा उलट, अगदी हलका ताण द्यायचा. दोन्हीकडे बॅरल केसभर हलते आणि थांबते, पण या दोन थांबण्यांत पुष्कळ वेळा फरक असतो. ज्या बाजूला पिना अडवत असतात, तिथला थांबा किंचित मऊ, स्पंजासारखा लागतो, कारण पाच-सहा बारीक पिना चिमटल्या जात असतात आणि बोट जरा जोराने टेकले तर थोडेसे आणखी आत जाते. ज्या बाजूला मागचा कॅम एखाद्या कडेला टेकलेला असतो, तिथला थांबा मात्र कोरडा आणि टणक असतो, धातू थेट धातूवर आदळल्याचा. हा फरक शब्दांत सांगून पुरत नाही. तो हाताला कळावा म्हणून मी एक कुलूप पूर्ण उघडून, पिना काढून, नुसत्या कॅमचा थांबा कसा लागतो तो बोटांना ओळखीचा करून घेतला आणि मगच पिना परत भरल्या.

याची खात्री करण्याची दुसरी खूण आकड्याने मिळते. ताण ठेवून आकड्याने एकेक पिन चाचपली, तर योग्य बाजूला एखादी तरी पिन घट्ट, अडलेली लागते आणि बाकीच्या स्प्रिंगवर सहज खालीवर होतात. सगळ्याच पिना मोकळ्या खेळत असतील आणि तरी बॅरल फिरत नसेल, तर आपला ताण पिनांवर पडतच नाही, तो कॅमच्या कडेने पेललेला आहे असे समजावे आणि बाजू बदलावी. अर्थात काही कुलपांत दोन्ही बाजूंना कॅम मोकळाच असतो आणि दोन्ही थांबे मऊ लागतात. तिथे बाहेरून पाहायला शिकावे लागते. जुन्या कुलपाच्या तोंडावर किल्लीच्या जुडग्याने घासून पडलेला कमानीसारखा ओरखडा असतो; जुडगा रोज एकाच बाजूला झुलत गेल्यामुळे तो भोकाच्या एकाच अंगाला दिसतो. उन्हात कुलूप तिरपे धरून भिंगातून पाहिले, की ती कमान स्पष्ट दिसते. कुलपे उघडण्याइतकाच आनंद मला असल्या खुणा वाचण्यात मिळतो.

या सगळ्यात माझे मन सर्वांत जास्त रमले ते एका वेगळ्याच गोष्टीत. किल्लीशिवाय कुलूप उघडता येते ते मुळात कारखान्यातल्या सूक्ष्म चुकांमुळे. बॅरलची आणि बॉडीची छिद्रे तंतोतंत एका रेषेत पडत नाहीत. एखादे शंभराव्या मिलिमीटरच्या हिशेबात उजवीकडे सरकलेले असते, तर दुसरे डावीकडे. त्यामुळे ताण दिल्यावर सगळ्या पिना एकदम चिमटल्या जात नाहीत. जे छिद्र त्या बाजूला सर्वांत पुढे आहे, त्यातली पिन आधी अडते. ती बसवली, की बॅरल किंचित पुढे सरकते आणि पुढची पिन अडते. टूलरूममध्ये छिद्रांच्या अशाच चुका शोधून माल नापास करणे हे माझे काम; इथे त्याच चुका वाट दाखवतात. मग सरळ तर्काने असे निघते, की ताणाची दिशा उलटी केली, तर अडण्याचा क्रमही उलटा व्हायला हवा, कारण उजवीकडे सर्वांत पुढे असलेले छिद्र डावीकडच्या हिशेबात सर्वांत मागे असते.

हे पडताळून पाहण्यासाठी मी एका पाच पिनांच्या कुलपाचा क्रम दोन्ही दिशांनी वहीत लिहिला. काट्यांप्रमाणे ताण दिला, तेव्हा आधी तिसरी, मग पहिली, पाचवी, दुसरी आणि शेवटी चौथी पिन बसली. उलट ताण दिला, तेव्हा चौथी, दुसरी, पहिली, पाचवी आणि तिसरी. म्हणजे क्रम उलटला, पण पहिली आणि पाचवी या दोन पिनांचा आपसातला क्रम तोच राहिला. कुलूप उघडून पिना मायक्रोमीटरखाली धरल्या, तेव्हा या दोन पिनांपैकी पहिल्या छिद्रातली वरची पिन इतरांपेक्षा किंचित जाड निघाली. छिद्राची जागा आणि पिनेची जाडी अशा दोन गोष्टी मिळून क्रम ठरवतात, आणि जाडीचा परिणाम दोन्ही दिशांना सारखाच होतो. म्हणून आरशातल्या प्रतिमेसारखा तंतोतंत उलटा क्रम क्वचितच मिळतो. याचा व्यवहारातला उपयोग मोठा आहे. एखादे कुलूप एका बाजूने चिवट लागत असेल आणि मागचा भाग दोन्हीकडे चालणारा असेल, तर बाजू बदलताच तेच कुलूप जणू दुसरेच होऊन समोर येते आणि पुष्कळदा पटकन उघडते.

दारांच्या कुलपांविषयी मला डोळस केले ते मिरजेतल्या एका वयोवृद्ध किल्लीवाल्या चाचांनी. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते पेटी मांडून बसत. एका पाडकामातून विकत घेतलेला दाराच्या कुलपाचा सिलिंडर, म्हणजे बॅरल आणि बॉडी मिळून होणारा सुटा भाग, दाखवायला मी गेलो होतो. त्यांनी तो हातात घेतला आणि मला विचारले, "सर, दार कुठलं होतं हे? चौकट कुठल्या अंगाला होती?" मी म्हणालो, "चाचा, दार आता राहिलं नाही, नुसता सिलिंडरच आहे." त्यावर ते म्हणाले, "मग ह्यो कुठं फिरतोय ते ह्यो कसं सांगणार? सिलिंडरला दिशा नसती बघा. दार दिशा देतं त्याला." त्यानंतर त्यांनी पेटीतला एक जुना मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या जाडीत बसवायचे कुलूप, उघडून दाखवला. सिलिंडरच्या मधोमध असलेला कॅम फेरी घेत वर येतो, बोल्टच्या खाचेत अडकतो आणि बोल्टला आपल्यासोबत आडवे नेतो. वरच्या बाजूला कॅम चौकटीकडे गेला, तर बोल्ट बाहेर पडतो. चौकटीपासून दूर गेला, तर आत येतो. म्हणजे अशा लॉकमध्ये किल्लीचा वरचा भाग चौकटीपासून दूर जाईल अशी फेरी ही उघडण्याची फेरी.

घरी आल्यावर मी हे आपल्याच इमारतीत पाहिले, अर्थात किल्ल्यांनी. आमच्या दाराची चौकट, बाहेर उभे राहिले असता, उजवीकडे येते आणि आमचा लॉक काट्यांच्या उलट उघडतो. समोरच्या वहिनींचे घर आमच्या घराची आरशातली प्रतिमा आहे. त्यांची चौकट डावीकडे आहे, आणि त्याच बनावटीचा त्यांचा लॉक काट्यांप्रमाणे उघडतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, म्हणून होय तुमच्याकडची किल्ली दिली की आमच्या हाताला ती उलटीच जाते!" मात्र हा नियम सरसकट लावू नये. लॅचच्या कुलपात सिलिंडरमागे चपटी शेपटी असते आणि आतल्या डब्याची रचना वेगळी असते, त्यामुळे तिथे डबा पाहूनच ठरवावे लागते. पोलादी कपाटांच्या आणि टेबलाच्या खणांच्या पुष्कळशा लहान कुलपांत पिनांऐवजी चपट्या पत्र्या असतात आणि मागचा कॅम बहुधा पाव फेरी किंवा अर्धी फेरी घेतो. माझ्याकडे आलेली अशी बहुतेक कुलपे काट्यांप्रमाणे उघडली, म्हणून आता अशा कुलपाला मी आधी त्याच बाजूने ताण देतो.

लिव्हरच्या कुलपांची तऱ्हा निराळी आहे आणि आपल्या भागात ती फार महत्त्वाची, कारण दुकानाच्या शटरपासून शेतावरच्या खोलीपर्यंत सगळीकडे लिव्हरचीच कुलपे लटकलेली दिसतात. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढला आणि पुढे त्या कारखान्याचे 'नवताल' नावाचे कुलूप घरोघरी पोहोचले. या जातीच्या कुलपात पिना नसतात. एकावर एक रचलेल्या पितळी लिव्हरपट्ट्या असतात, प्रत्येकीला एक खाच असते, आणि सगळ्या खाचा एका ओळीत आल्या की बोल्टवरची खुंटी त्यांतून सरकते. किल्लीचे पान आधी लिव्हर उचलते आणि त्याच फेरीत पुढे जाऊन बोल्टला ढकलते. त्यामुळे इथे दिशा आणि उचलणे या गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. पान ज्या बाजूला जाईल, त्याच बाजूला बोल्ट. ताण देणारी तार बोल्टवर टेकवायची, ती उघडण्याच्या बाजूला. उलट बाजूला टेकवली, तर खुंटी लिव्हरच्या कडेवर दाबलीच जात नाही आणि सगळ्या पट्ट्या नुसत्या स्प्रिंगवर डोलत राहतात. दोन फेऱ्यांच्या दाराच्या लॉकमध्ये तर एक फेरी झाल्यावर लिव्हर पुन्हा खाली बसतात, म्हणून दुसऱ्या फेरीसाठी सगळे काम पहिल्यापासून करावे लागते.

लिव्हर कुलपांच्या इतिहासात दिशेचा एक सुंदर उपयोग केलेला आढळतो. इंग्लंडमध्ये जेरेमाया चब यांनी १८१८ साली असे कुलूप काढले, की परक्या हत्याराने एखादा लिव्हर प्रमाणाबाहेर उचलला गेला तर तो वरच अडकून राही आणि मग खरी किल्लीसुद्धा कुलूप उघडत नसे. त्यामुळे कोणीतरी छेडछाड केली आहे हे मालकाला कळे. आधी हा अडकलेला लिव्हर सोडवायला वेगळी किल्ली लागे. १८२४ च्या सुधारणेनंतर मालकाने आपलीच किल्ली उलट दिशेने फिरवली की लिव्हर सुटे आणि मग सुलट फिरवून कुलूप उघडे. एकाच किल्लीच्या दोन दिशांना दोन वेगळी कामे वाटून देण्याची ही कल्पना मला अतिशय आवडते. पुढे १८५१ साली लंडनच्या भव्य प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेचे आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज यांनी असे चब कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडून दाखवले आणि त्याच वर्षी जोसेफ ब्रामा यांच्या, 'उघडून दाखवा' असे जाहीर आव्हान दिलेल्या कुलपावर १६ दिवसांत मिळून ५१ तास काम करून तेही उघडले. जाहीरपणे, साक्षीदारांसमोर आणि मालकांच्या संमतीने केलेले ते काम होते. कुलपे सुधारली ती अशा परीक्षांमुळे.

पिनांकडे परत येतो, कारण दिशेचा सर्वांत नाजूक भाग तिथेच आहे. चांगल्या कुलपांत वरच्या काही पिना सरळ नळीसारख्या नसतात, त्यांची कंबर बारीक केलेली असते, दोऱ्याच्या रिळासारखी. अशी पिन वर जाताना तिची बारीक कंबर सांध्यावर येते, बॅरल एकदम काही अंश फिरते आणि कुलूप उघडलेच असे वाटते. पण ते उघडलेले नसते. आता ती पिन पुढे उचलायला गेले, की तिची रुंद कड बॅरलला मागे ढकलते. ताणाची पट्टी धरलेल्या बोटाखाली बॅरल उलट दिशेने परत येताना स्पष्ट जाणवते. इथे बोट घट्ट करण्याची प्रवृत्ती होते, आणि तेच टाळायचे असते. बोट सैल करून बॅरलला हवे तेवढे मागे येऊ द्यायचे. मात्र इतकेच, की आधी बसलेल्या पिना सुटू नयेत. पिन आपल्या जागी गेली, की बॅरल पुन्हा पुढे येते. बॅरलचे हे मागे येणे म्हणजे योग्य पिन सापडल्याची खूण आहे. कोणत्या पिनेला आकडा लावला असता बॅरल मागे येते एवढेच पाहत गेले, तरी रिळाच्या पिना एकेक करून सापडतात.

आता सुरुवातीला म्हटलेल्या त्या दुसऱ्या अवस्थेकडे येतो, जिथे पिना बसल्या, बॅरल फिरले, पण फिरले ते भलत्या बाजूला. असे का व्हावे? कारण काही कुलपांत काट्यांप्रमाणे पिना नीट बसतच नाहीत आणि उलट बाजूने मात्र सहज बसतात. शिवाय मागचा कॅम त्या बाजूला मोकळा असतो. मी चाचांनी पाहिलेला तोच सिलिंडर घेऊन हा प्रकार मुद्दाम पुन्हा पुन्हा केला. बॅरल उलट बाजूला पाव फेरी गेले, की खालच्या पिना बॅरलमध्ये आणि वरच्या पिना बॉडीमध्ये अशी त्यांची ताटातूट झालेली असते. आता बॅरल सावकाश मागे आणले, तर मूळ जागेवर येताच स्प्रिंगा वरच्या पिनांना पुन्हा बॅरलमध्ये ढकलतात आणि सगळी मेहनत वाया जाते. उपाय असा, की ती जागा इतक्या वेगाने ओलांडायची की पिनांना खाली पडायला वेळच मिळू नये.

त्यासाठी स्प्रिंगने झटका देणारे एक छोटे हत्यार असते. मी ते कारखान्यातल्या उरलेल्या पोलादी तारेची स्प्रिंग वळून, एका टोकाला भोकात बसणारी चपटी जीभ आणि दुसरीकडे पकडायची मूठ अशा रचनेने केले. जीभ भोकात घालायची, मूठ फिरवून स्प्रिंगेत ताण भरायचा, ती हव्या त्या दिशेने सोडायची. 'खट्' असा एकच आवाज होतो आणि बॅरल मूळ जागा ओलांडून योग्य बाजूला जाऊन पोहोचते. स्प्रिंग मऊ असेल, तर बॅरल मूळ जागेवरच अडते; फार कडक असेल, तर जीभ भोकातून निसटते. माझी तार दोन-तीन वेगवेगळ्या जाडीची घेऊन शेवटी मधली पसंत पडली. बॅरल नीट स्वच्छ असणे हेही तितकेच आवश्यक आहे, म्हणून आधी ग्रॅफाइटची बारीक पूड फुंकून घेतो. तेल घातले तर धूळ धरते आणि हा झटका मंदावतो.

पूर्ण फेरी घ्यायच्या सिलिंडरमध्ये आणखी एक जागा सांभाळावी लागते. बॅरल अर्धी फेरी फिरले, की किल्लीच्या भोकाची उघडी बाजू बॉडीतल्या छिद्रांसमोर येते आणि स्प्रिंगने ढकललेल्या पिना त्या फटीत घुसू शकतात. तसे झाले, तर बॅरल ना पुढे जाते ना मागे. म्हणून मी अर्ध्या फेरीच्या आसपास पोहोचताना भोकात एक चपटी पट्टी पूर्ण आत घालून ती फट भरून टाकतो आणि मगच पुढे फिरवतो. किल्ली असती, तर तिनेच ती जागा भरली असती.

या सगळ्याचा खरा उपयोग झाला तो पुराच्या कुलपांवर. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी मारुती रोडच्या परिसरात शिरले, तेव्हा माझ्या एका मित्राच्या दुकानातली कपाटे अनेक दिवस पाण्यात होती. किल्ल्यांचा डबा वाहून गेला. कपाटे नंतर कापून उघडावी लागली, पण निघालेली कुलपे त्याने टाकली नाहीत. त्यातली काही त्याच्या वडिलांच्या काळातली होती आणि ती वडिलांना चालू स्थितीत हवी होती. तो मला म्हणाला, "बाबांना सांगितलंय, तू करशील म्हणून." पुराचा गाळ फार बारीक असतो. तो वाळला, की पिनांच्या छिद्रांत सिमेंटसारखा बसतो. अशा कुलपाला दोन्ही दिशांनी ताण दिला, तरी दोन्हीकडे सारखाच टणक थांबा लागतो, आणि मऊ-टणक थांब्याची खूण तिथे निरुपयोगी ठरते. त्यामुळे आधी कुलपे रॉकेलमध्ये भिजत ठेवली, मऊ ब्रशने भोक साफ केले, आकड्याने प्रत्येक पिन ताण न देता खालीवर करून मोकळी केली, आणि सगळ्या पिना स्प्रिंगवर परत येऊ लागल्यावरच दिशेचा शोध सुरू केला. लोखंडी स्प्रिंगा गंजून तुटलेल्या कुलपांना मी ताण दिलाच नाही, कारण तिथे बॉडी उघडून नव्या स्प्रिंगा भरणे हाच मार्ग असतो.

त्यांतल्या एका कपाटाच्या कुलपाने मला फार विचार करायला लावला. सगळी लक्षणे काट्यांप्रमाणे उघडणाऱ्या कुलपाची होती, पण तोंडावरचा ओरखडा मात्र डाव्या अंगाला होता. ओरखड्यावर विश्वास ठेवून उलट ताण दिला आणि कुलूप उघडले. मागचा भाग सोडवून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. पूर्वी कधी तरी दुरुस्ती करताना कॅम उलटा बसवला गेला होता, आणि दुकानातली मंडळी वर्षानुवर्षे त्या कपाटाची किल्ली उलटी फिरवत आली होती. मित्राच्या वडिलांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "होय रे, मधलं कपाट उलटं उघडायचं, लहानपणापासून आमच्या हाताला तेच वळण." कॅम सुलट करून देऊ का, असे मी विचारल्यावर त्यांनी नको म्हणून सांगितले.

बॅरल बाहेर काढून पिनांची मापे घेतली, ती चाचांना दिली आणि त्यांनी त्या मापांवरून कानशीने नव्या किल्ल्या घासून दिल्या. किल्ल्या मोडतात त्यातल्या पुष्कळशा चुकीच्या बाजूला जोर लावल्यामुळे मोडतात, हे चाचांचे म्हणणे माझ्या लक्षात होते. म्हणून प्रत्येक किल्लीच्या डोक्यावर उघडण्याच्या दिशेचा बाण मी टोच्याने कोरला, आणि मधल्या कपाटाच्या किल्लीवर तो डावीकडे वळणारा आहे. उरलेल्या कुलपांपैकी दोन अजून व्हाइसशेजारी आहेत. एकात रिळाच्या पिना आहेत आणि ते दोन्ही बाजूंना मऊ थांबते. त्याचे दोन्हीकडचे क्रम वहीत उतरवण्याचे काम सध्या चालू आहे.